इंजिन बंद, गाडी चालू

बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं, की तासाभरात बिडदी येतं. जुन्या रस्त्याने जाणारे तिथे तट्टे इडली खायला थांबतात. याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. १९९९च्या अखेरीस इथून पहिली क्वालिस बाहेर पडली. २०१३मध्ये कॅमरी हायब्रिडची जुळणी इथे सुरू झाली. २०२२मध्ये अर्बन क्रूझर हायरायडर आणि तिचंच मारुती सुझुकीच्या नावाचं रूप असलेली ग्रँड विटारा, दोन्ही इथल्याच कारखान्यात तयार होऊ लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस आली. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात आज ज्या हायब्रिड मोटारी दिसतात, त्यांचा मोठा हिस्सा बिडदीचा आहे.

मराठी वाचकाला या कारखान्याचं अर्धं नाव परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, १९०३मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी सुरू केली. तिचं मुख्य उत्पादन म्हणजे विजेच्या मोटरी. पुढे याच घराण्यातले विक्रम किर्लोस्कर टोयोटाबरोबर भागीदारीत उतरले. ही भागीदारी झाली १९९७मध्ये, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस ही मोठ्या संख्येने बनवली गेलेली जगातली पहिली हायब्रिड मोटार बाजारात आली. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतात हायक्रॉसवरचा पडदा उघडला आणि चारच दिवसांनी विक्रम किर्लोस्करांचं बेंगळुरूत निधन झालं. बेळगावच्या सायकलींपासून बिडदीच्या हायब्रिडपर्यंतचा हा प्रवास मराठी उद्योगाच्या इतिहासातला मोलाचा भाग आहे आणि तो पुरेसा सांगितला गेलेला नाही.

इथे विषय मात्र कंपन्यांचा नाही. विषय आहे त्या प्रश्नाचा, जो शोरूममध्ये आणि पेट्रोल पंपावर सगळ्यात आधी विचारला जातो: ॲव्हरेज किती देते?

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी जाहीर झालेला आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. होंडाने मे २०२२मध्ये आणलेल्या सिटी ई-एचईव्हीचा आकडा २६.५ होता. सात-आठ माणसांच्या हायक्रॉसचा आकडा २३.२४. गाडी घरी आली, की कोणाला २४ मिळतात, कोणाला १९, कोणाला १५. एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या दोन गाड्यांमध्ये इतकी तफावत पडते, की मालकांना आपल्या गाडीत काहीतरी बिघाड आहे असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा बिघाड नसतो. साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेजही रस्त्यानुसार बदलतं, पण हायब्रिडचं ते कितीतरी जास्त बदलतं. असं का होतं, ते समजून घेणं हाच या लेखनाचा उद्देश.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. बाजारात ‘हायब्रिड’ ही पाटी दोन अगदी निराळ्या वस्तूंना लागते. माइल्ड हायब्रिडमध्ये स्टार्टर आणि जनरेटरचं काम करणारी एक छोटी मोटर असते. ती सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना त्याला थोडा हात देते, पण एकटीच्या बळावर गाडी चालवत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर इतकी सशक्त असते, की ती एकटीच गाडी ओढते. हायरायडरमध्ये ९२ अश्वशक्तीच्या दीड लिटर इंजिनाच्या जोडीला ८० अश्वशक्तीची मोटर आहे. पुढचं सगळं विवेचन या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. जाहिरातीत हा फरक ठळक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाची फसगत नेमकी तिथेच होते.

हायब्रिडचं ॲव्हरेज का वाढतं, असं विचारलं तर शंभरातले नव्वद लोक एकच उत्तर देतात: ब्रेक लावला की बॅटरी चार्ज होते. हे खरं आहे, पण अर्धंच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, घरच्या वीजबिलावर असतात तशीच युनिटं. साधं पेट्रोल इंजिन चांगल्या भारावर चालत असेल तर त्यातली तीसेक टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. पण तेच इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असेल तर हा वाटा दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत घसरतो, आणि सिग्नलला उभं असताना शून्यावर येतो. उभी गाडी एसीसह तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते आणि एक मीटरही पुढे जात नाही. गर्दीतली खरी नासाडी ही आहे, आणि हायब्रिड पहिला घाव तिच्यावरच घालते. हलका भार असेल तेव्हा इंजिन बंद. भार पुरेसा असेल तेव्हा इंजिन चालू, आणि तेही आपल्या सर्वांत काटकसरीच्या टप्प्यात. गरजेपेक्षा जास्त झालेली शक्ती जनरेटरमार्फत बॅटरीत जाते.

हे साधण्यासाठी इंजिनही वेगळ्या जातीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर ते बेतलेलं असतं. आत घेतलेली हवा कमी दाबायची आणि स्फोटानंतर वायूला जास्त पसरू द्यायचं, म्हणजे प्रत्येक थेंबातून अधिक काम निघतं. अशा इंजिनाला खालच्या वेगात जोर कमी असतो, आणि तेवढीच उणीव विजेची मोटर भरून काढते. हायरायडरच्या इंजिनाची कार्यक्षमता सर्वोत्तम टप्प्यात ४० टक्क्यांपर्यंत जाते, असं टोयोटा सांगते. इंजिन, जनरेटर आणि मोटर या तिघांना जोडणारा दातेरी चक्रांचा संच हा या यंत्रणेचा गाभा आहे. एक चक्र मध्ये, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं आणि बाहेरून वेढणारं कडं. क्लच नाही, नेहमीचे गिअर नाहीत. कोणाची किती शक्ती चाकांकडे जाईल आणि किती बॅटरीकडे, याची वाटणी क्षणाक्षणाला बदलते. हा संच आणि मोटरी सामावलेले ई-ड्राइव्ह आता बिडदीतच टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्समध्ये बनतात.

म्हणून हायब्रिडच्या ॲव्हरेजवर परिणाम करणारी कोणतीही गोष्ट तपासायची असेल, तर दोन प्रश्न पुरतात. तिच्यामुळे इंजिन बंद राहण्याचा वेळ वाढतो की घटतो? आणि इंजिन चालू असतं तेव्हा ते त्याच्या सोयीच्या भारावर चालतं, की त्याला ओढाताण करावी लागते? रस्ता, हवा, टायर, चालकाचा पाय, सगळं या दोन प्रश्नांतून तपासता येतं.

आता बेंगळुरूकडे येऊ. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात बेंगळुरूचा क्रमांक जगात तिसरा होता. दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद. पुणेकरांनी फार खूश होऊ नये, पुणे लगोलग चौथं होतं: ३३ मिनिटं २२ सेकंद. हा वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास पडतो. आता तो कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. तो आकडा येतो मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीतून. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६मध्ये स्थापन झालेली एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांमध्ये ही चाचणी होते. गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद असतो, वीसेक मिनिटांत साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापलं जातं, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या जवळ आणि कमाल ९०. चाचणी खोटी नाही. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळावी, यासाठी ती आहे. पण त्या प्रश्नपत्रिकेत बेंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक नाही, हेब्बाळच्या पुलाखालची संध्याकाळ नाही आणि मार्चमधला एसीही नाही.

तरीही गर्दीच्या शहरात हायब्रिडला आपलं खरं काम दाखवायला वाव मिळतो. शहरी रहदारीत हायब्रिड ४० टक्के अंतर आणि ६० टक्के वेळ इंजिन बंद ठेवून जाऊ शकते, असं टोयोटा आयकॅटच्या चाचणीचा दाखला देऊन सांगते. या दोन आकड्यांतला फरक नीट पाहावा. वेळ ६० टक्के, अंतर ४० टक्के. म्हणजे इंजिन मुख्यतः बंद राहतं ते गाडी थांबलेली किंवा हळू चाललेली असताना, नेमकं जेव्हा साधं इंजिन सगळ्यात जास्त नासाडी करतं तेव्हा. म्हणूनच अमेरिकेत प्रियसच्या स्टिकरवर शहराचं ॲव्हरेज महामार्गापेक्षा जास्त छापलेलं असायचं. २०१० सालच्या प्रियसला गॅलनमागे शहरात ५१ मैल आणि महामार्गावर ४८ मैल. साध्या गाडीत हे गणित नेहमी उलटं असतं.

मग गर्दी जितकी जास्त तितकं ॲव्हरेज चांगलं, असं म्हणायचं का? नाही, आणि बेंगळुरूतल्या बऱ्याच मालकांची निराशा इथूनच सुरू होते. गाडी ओढायला लागणारी ऊर्जा अंतरावर ठरते, पण एसीला लागणारी ऊर्जा वेळेवर ठरते. ढोबळ हिशेब करून पाहू. एसी तासाला एक युनिट खातो असं धरलं, तर ३४ मिनिटांत जवळजवळ ०.५७ युनिट. ही वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, कारण या गाड्यांना बाहेरून चार्जिंग नाही. इंजिन आणि जनरेटरमधली घट धरली, तर एवढ्यासाठी १९० मिलिलिटर पेट्रोल जातं. हेच दहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर बारा मिनिटांत झाले, तर एसीचा वाटा ७० मिलिलिटरवर येतो. एसीविना लिटरला २५ देणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर एसीसह २१ देईल आणि तुंबलेल्या रिंग रोडवर १७च्या आसपास येईल. गाडी तीच, चालकही तोच. रहदारी हळू असेपर्यंत हायब्रिड साध्या गाडीला सहज मागे टाकते. रहदारी ठप्प झाली तरीही ती पुढेच राहते, पण तिचा स्वतःचा आकडा घसरतो. ‘साध्या गाडीपेक्षा किती चांगली’ आणि ‘जाहीर आकड्याच्या किती जवळ’ हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते एकत्र केले, की भांडण सुरू.

या बाबतीत बेंगळुरूवर निसर्गाची कृपा आहे. शहर समुद्रसपाटीपासून ९२० मीटरवर आहे, एप्रिलमध्येही सरासरी कमाल तापमान चौतिसाच्या आसपास राहतं आणि संध्याकाळी काच खाली करून जाता येतं. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा एसीला उसंत मिळत नाही आणि बॅटरीलाही स्वतःला थंड ठेवावं लागतं. दुसऱ्या टोकाला शिकागो आणि टोरोंटोची मराठी घरं आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार उणे सात अंशांच्या थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज ३० ते ३४ टक्क्यांनी घसरू शकतं. तिथे गाडीची केबिन उबदार ठेवायला इंजिनाचीच उष्णता लागते. मग गाडी उभी असली तरी इंजिन सुरू होतं आणि वरच्या दोन प्रश्नांतल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बिघडतं.

थंडीचा छोटा अवतार बेंगळुरूतही रोज सकाळी भेटतो. अपार्टमेंटच्या बेसमेंटमधून गाडी निघते. बॅटरीत पुरेशी वीज असली तरी मिनिटभरात इंजिन आपणहून सुरू होतं. नव्या मालकाला वाटतं, नुसत्या मोटरवर चालण्याचा ईव्ही मोड बिघडला. खरं कारण असं, की धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि त्याला व इंजिनाला ठरावीक तापमानापर्यंत आणणं यंत्रणेला भाग असतं. मुलाला दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत यायचं, मग दोन तासांनी भाजी, मग संध्याकाळी क्लास, असा दिवस असेल, तर प्रत्येक वेळी हा तापण्याचा खर्च भरावा लागतो. इंजिन जेमतेम तापतं तोच घर येतं. फक्त अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्याला हायब्रिड घेऊनही लिटरला पंधरा-सोळाच मिळाले, तर त्यात नवल नाही. दोन-तीन कामं एका फेरीत उरकली, की तीच गाडी वेगळं बोलू लागते.

ब्रेकची गोष्टही नीट समजून घ्यायला हवी. माणसांसह १४०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगात असते तेव्हा तिच्या गतीत अवघी ०.०२४ युनिट ऊर्जा असते. पण ती मिळवायला साध्या इंजिनाने नऊ-दहा मिलिलिटर पेट्रोल जाळलेलं असतं. म्हणजे दोन चमचे. साधी गाडी ब्रेक लावून ते दोन चमचे डिस्कच्या उष्णतेत घालवते. बेंगळुरूच्या रस्त्यावर गतिरोधक, सिग्नल, मध्येच वळणारी रिक्षा, आडवी येणारी बस असं धरलं, तर दहा किलोमीटरमध्ये हे कितीदा होतं, याचा अंदाज कोणीही करू शकेल. हायब्रिड त्यातला काही भाग परत मिळवते. काही भागच, कारण चाकाकडून मोटरकडे, मोटरकडून बॅटरीत आणि पुन्हा उलट्या वाटेने चाकाकडे येताना पायरीपायरीवर घट होते. साधारण साठ-सत्तर टक्के हाती लागले तर भाग्य. आणि तेही ब्रेक हळुवार आणि लांबून लावला तरच. शेवटच्या क्षणी पाय दाबला, की मोटरच्या आवाक्याबाहेरचं काम डिस्कवर पडतं आणि ती ऊर्जा गेली ती गेलीच.

हायरायडरच्या डॅशबोर्डवर यासाठी एक मीटर आहे. काटा खालच्या भागात असेल तेव्हा बॅटरी भरत असते, मधल्या हिरव्या भागात काटकसर, वरच्या भागात जोर. मोटर एकटी गाडी ओढत असेल तेव्हा ‘ईव्ही’ ही अक्षरं उजळतात. जुने टॅक्सीचालक हा मीटर पाहून फार लवकर शिकतात. समोर दोनशे मीटरवर लाल दिवा दिसला, की ते पाय उचलतात, गाडी आपोआप मंद होत जाते, काटा चार्जिंगमध्ये राहतो आणि पुष्कळदा सिग्नलला पोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असतो. ब्रेक लावावाच लागला नाही, ही सगळ्यात मोठी बचत. परत मिळवलेल्या ऊर्जेपेक्षा न घालवलेली ऊर्जा केव्हाही सरस. उलट, काही मालक केवळ ईव्ही मोड टिकवण्यासाठी गाडी इतकी संथ वेगाने वाढवतात, की मागची रहदारी अडते आणि बॅटरी रिकामी होते. मग रिकामी बॅटरी भरायला इंजिनाला जास्तीचं काम पडतं. जरा ठामपणे वेग पकडावा, इंजिनाला त्याच्या सोयीच्या भारावर काम करू द्यावं आणि मग पाय हलका ठेवून मोटरवर चालावं. हा क्रम जास्त फायद्याचा.

बॅटरी किती लहान आहे, हे लक्षात आलं की घाटाचं कोडंही सुटतं. हायरायडरच्या लिथियम बॅटरीची एकूण क्षमता आहे ०.७६ युनिट. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून यंत्रणा तिचा मधला भागच वापरते. पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामी होऊ देत नाही. आता लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला या. सुमारे साडेपाचशे मीटर उतार. १४०० किलोच्या गाडीसाठी ही दोन युनिटांहून जास्त ऊर्जा झाली. रस्ता आणि हवा तिच्यातला बराच भाग घेतात, तरी उरलेली ऊर्जा बॅटरीत मावत नाही. घाट अर्धा उतरेपर्यंत बॅटरी भरून जाते आणि पुढचा उतार इंजिनाच्या अवरोधावर किंवा ब्रेकवर उतरावा लागतो. त्यासाठीच गिअरच्या दांड्यावर ‘बी’ ही जागा असते. चढताना मात्र उलटं: पहिल्या काही मिनिटांत बॅटरी उतरते आणि बाकीचा घाट इंजिनाला जवळजवळ एकट्याने चढावा लागतो. घाटाच्या रस्त्यावर हायब्रिडने चमत्कार करावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. बेंगळुरू पठारावर आहे. तिथले छोटे चढउतार, उड्डाणपूल, मेखरी सर्कलसारखे खोलगट रस्ते या बॅटरीच्या मापाचे आहेत.

महामार्गावर काय होतं? मार्च २०२३मध्ये खुल्या झालेल्या बेंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गावर ताशी ऐंशी ते शंभर किलोमीटरने एकसारखं जाताना थांबणं नाही, ब्रेक नाही, म्हणून परत मिळवण्यासारखंही फारसं काही नाही. साधं इंजिनही इथे बऱ्यापैकी भारावर, निवांत चालतं. हायब्रिडची आघाडी टिकते ती मुख्यतः ॲटकिन्सन इंजिनामुळे, पण अंतर कमी होतं. वेग वाढला, की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९०वरून १२०वर गेलं, तर तो पाऊणपटीहून जास्त वाढतो आणि कोणतीही मोटर त्यातून सुटका करू शकत नाही. होंडाची रचना इथे वेगळी आहे. शहरात तिचं इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि गाडी मोटरवर चालते. महामार्गाच्या स्थिर वेगाला मात्र एक क्लच लागून इंजिन थेट चाकांशी जोडलं जातं. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बेंगळुरूला जाणाऱ्याला वाटेत हे सगळे अवतार एकाच दिवसात पाहायला मिळतात.

टायर, वजन, छतावरचं कॅरिअर या गोष्टी हायब्रिडपुरत्या नाहीत, म्हणून थोडक्यात. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते टायरमधली हवा योग्य ठेवल्याने सरासरी ०.६ टक्के, तर काही वेळा ३ टक्क्यांपर्यंत फायदा होतो. ४५ किलो जादा वजनाने सुमारे एक टक्का तोटा होतो. छतावर सामानाची मोठी पेटी लावली, तर वेगवान महामार्गावर दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं टाकावं. या गाड्यांना पातळ ऑइल लागतं, आणि इंजिन दिवसातून शेकडो वेळा बंद-चालू होत असल्यामुळे त्याला महत्त्व आहे.

एका गोष्टीकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच हायब्रिड गाड्यांची बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड केली जाते. त्यासाठी आसनाजवळ एक जाळीदार झडप असते, आत छोटा पंखा असतो आणि जाळीमागे फिल्टर. तिच्यावर दप्तर ठेवलं, शाल पडली, कुत्र्याचे केस अडकले किंवा बेंगळुरूच्या बांधकामांची धूळ साचली, की हवा कमी पडते. बॅटरी तापते, यंत्रणा तिला सांभाळण्यासाठी तिचा वापर आखडता घेते आणि इंजिन जास्त वेळ चालू राहतं. महिनोन्महिने हळूहळू घटत जाणाऱ्या ॲव्हरेजचं कारण कधीकधी एवढंसं असतं. सर्व्हिसिंगला गाडी देताना हा फिल्टर साफ करायला आवर्जून सांगावं.

इंधनाबद्दलही बरीच चर्चा होत असते. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ई२०च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई२०साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. हायब्रिड या घटीतून सुटत नाही, पण जी गाडी मुळात कमी लिटर जाळते, तिच्या मालकाच्या खिशाला ही घट कमी जाणवते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते दिल्लीत हायक्रॉसवर बेतलेली फ्लेक्स-फ्युएल हायब्रिड सादर झाली, त्यामागचा विचार हाच होता: इथेनॉलमुळे घटणारं ॲव्हरेज हायब्रिड यंत्रणेने भरून काढायचं. उसाच्या पट्ट्यातल्या महाराष्ट्राला या प्रयोगात दुहेरी रस असायला हवा.

पुण्यानेही हायब्रिडच्या वाटेवर एकदा पाऊल टाकलं होतं. २०१०मध्ये केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ जाहीर केलं. जुन्या गाडीला बसवता येईल असा हायब्रिड संच: मोटर, बॅटरी आणि नियंत्रक. चालू गाडीचं ॲव्हरेज चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढेल, असा दावा होता. हा संच रस्त्यावर रुळला नाही. अभियांत्रिकी म्हणून तो धाडसी होता, आणि लाखो जुन्या गाड्यांच्या देशात ती कल्पना पुन्हा हाती घेण्याजोगी आहे.

शेवटी पैशांचं बोलायला हवं, कारण घरोघरी निर्णय त्यावरच होतो. समजा, बेंगळुरूत रोज वीस किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस गाडी चालते. सहा हजार किलोमीटर. साधी ऑटोमॅटिक ११ देते आणि हायब्रिड १९. वर्षाला २३० लिटर पेट्रोल वाचलं. बेंगळुरूत लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव आहे, म्हणजे तेवीस हजार रुपयांहून थोडे जास्त. हायब्रिडसाठी दोन लाख जादा मोजले असतील, तर ते फिटायला आठ-नऊ वर्षं लागतील. टोयोटाची बॅटरीची वॉरंटीही आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. पण हीच गाडी शहरातच वर्षाला वीस हजार किलोमीटर चालत असेल, तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. आणि रोजचा प्रवास मोकळ्या महामार्गाचा असेल, साधी १६ आणि हायब्रिड २० देत असेल, तर सहा हजार किलोमीटरवर वाचतात फक्त ७५ लिटर.

तेव्हा शोरूममधल्या आकड्यावर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. आपला रोजचा रस्ता, त्याला लागणारा वेळ आणि वर्षाचे किलोमीटर कागदावर मांडावेत. गाडी घेतली असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर न विसंबता एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरावी, ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरावी आणि चालून झालेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागावेत. असं सलग चार-पाच टाक्यांसाठी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं करावं. ज्यांचा दिवस सिग्नलांत आणि रांगांत जातो आणि किलोमीटरही भरपूर होतात, त्यांनी स्ट्राँग हायब्रिड जरूर घ्यावी. ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा भाजीला जाते किंवा फक्त महामार्गावर धावते, त्यांनी जादा दोन लाख वाचवावेत.